समुद्राची मैत्रीण

अमेरिकेतील पेन्सिल्व्हानिया राज्यात ॲलेगेनी नदीच्या काठी स्प्रिंगडेल नावाचे एक छोटे गाव आहे. २७ मे १९०७ रोजी या गावात रॅचेल कार्सनचा जन्म झाला. येथून समुद्र शेकडो किलोमीटर दूर. वयाच्या बावीस वर्षांपर्यंत रॅचेलने समुद्र पाहिलासुद्धा नव्हता. पण पुढे साऱ्या जगाने तिला ओळखले ते समुद्राची लेखिका म्हणून.

रॅचेलच्या वडिलांजवळ सुमारे पासष्ट एकर जमीन होती. सफरचंदाची काही झाडे, थोड्या कोंबड्या, गुरे असा तो संसार होता. जमीन बरीच असली तरी हातात पैसा नसे. आई मारिया लग्नापूर्वी शिक्षिका होत्या. त्या रॅचेलला घेऊन रानात, ओढ्याकाठी हिंडत. पक्षी, कीटक, फुले यांची नावे तिला सांगत. घरात एखादा किडा शिरला तर त्याला न मारता बाहेर नेऊन सोडायचे, असा त्यांचा नियम होता. ही सवय रॅचेलने आयुष्यभर पाळली.

रॅचेलला लिहिण्याची फार हौस होती. १९१८ साली, म्हणजे अकरा वर्षांची असताना, तिची एक गोष्ट मुलांच्या प्रसिद्ध मासिकात छापून आली. आपण लेखिका व्हायचे, हे तिने तेव्हाच ठरवून टाकले.

घराच्या एका बाजूला रान होते, तर दुसऱ्या बाजूला नदी. या नदीचे रूप मात्र सुंदर नव्हते. काठावर वीज तयार करणारी केंद्रे उभी राहिली होती. गावात गोंद बनवणारा कारखाना होता आणि त्याची दुर्गंधी दूरवर पसरत असे. कारखान्यांची घाण नदीत जाई आणि नदी ती पुढे घेऊन जाई. कोठे घेऊन जाई, याचा विचार तेव्हा कोणी करत नव्हते.

१९२५ साली रॅचेल पिट्सबर्ग शहरातील मुलींच्या महाविद्यालयात दाखल झाली. फी भरताना घरच्यांची ओढाताण होई. आईने पियानोच्या शिकवण्या केल्या. घरातली चिनी मातीची चांगली भांडीही विकली. रॅचेलने विषय घेतला होता इंग्रजी. पण तेथे जीवशास्त्र शिकवणाऱ्या स्किंकर नावाच्या बाई इतक्या छान शिकवत, की रॅचेलने आपला मुख्य विषयच बदलला. लोकांना नवल वाटले. त्या काळात विज्ञान शिकून मुलींना नोकरी कोठे मिळणार? लिहिणे सोडून ही बेडूक-मासे कशाला चिरत बसते? रॅचेललाही आपले लेखन संपले असे वाटले. लिहिण्यासाठी विषय लागतो आणि तो विषय आपल्याला आता मिळाला आहे, हे तिला बऱ्याच वर्षांनी समजले.

१९२९ च्या उन्हाळ्यात ती मॅसेच्युसेट्स राज्यातील वुड्स होल येथे गेली. समुद्रातील जीवांचा अभ्यास करणारी मोठी प्रयोगशाळा तेथे आहे. समुद्र तिने प्रथम पाहिला तो या वेळी. सकाळी प्रयोगशाळेत काम करावे, ओहोटी लागली की किनाऱ्यावर जाऊन खडकांत साचलेल्या पाण्यात डोकावत बसावे, असे तिचे दिवस गेले. पुढे बाल्टिमोर शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून १९३२ मध्ये तिने प्राणिशास्त्राची एम.ए. पदवी मिळवली.

त्यानंतरचा काळ कठीण होता. अमेरिकेत मंदी आली होती, नोकऱ्या नव्हत्या. १९३५ मध्ये वडील वारले. आईचा भार रॅचेलवर पडला. दोन वर्षांनी थोरली बहीणही वारली आणि तिच्या दोन लहान मुलींना रॅचेलनेच सांभाळले. पुढे शिकण्याचा बेत सोडावा लागला. आता घर चालवणाऱ्या त्या झाल्या होत्या, तेव्हा आपणही त्यांना यापुढे रॅचेलबाई म्हणू.

सरकारच्या मत्स्य विभागाला रेडिओवर समुद्रातील जीवांची माहिती द्यायची होती. शास्त्रज्ञांना लिहिता येत नव्हते आणि लेखकांना विज्ञान येत नव्हते. रॅचेलबाईंना दोन्ही येत होते. त्यांनी बावन्न छोटे कार्यक्रम लिहून दिले. १९३६ मध्ये त्या सरकारी परीक्षेत पहिल्या आल्या आणि त्याच विभागात त्यांना कायमची नोकरी मिळाली. अशा शास्त्रीय पदावर तेथे तोपर्यंत जवळजवळ सगळे पुरुषच होते.

त्याच वर्षी बाल्टिमोरच्या वर्तमानपत्रात त्यांनी शॅड नावाच्या माशावर एक लेख लिहिला. शॅड हा आपल्याकडील पाला माशाच्या नात्यातला. तोही समुद्रातून नदीत चढतो आणि तेथे अंडी घालतो. चेसापीकच्या उपसागरात हा मासा कमी होत चालला होता. त्याची कारणे रॅचेलबाईंनी सांगितली. जाळी फार झाली, नद्यांवर धरणे झाली, आणि कारखान्यांची व शहरांची घाण पाण्यात मिसळू लागली. कोळ्यांच्या भल्याबरोबर माशांचे भलेही पाहणारे नियम हवेत, असे त्यांनी लिहिले. त्या वेळी त्या अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. रॅचेलबाईंना कारखान्याचे गटार दिसू लागले ते म्हातारपणी, असे काहींना वाटते. ते खरे नाही. पहिल्या वर्षापासून ते त्यांच्या नजरेत होते.

दिवसा कचेरी आणि रात्री लेखन, असा त्यांचा क्रम सुरू झाला. त्यांचे पहिले पुस्तक नोव्हेंबर १९४१ मध्ये निघाले. पुढच्याच महिन्यात अमेरिका महायुद्धात उतरली आणि पुस्तकाकडे कोणाचे लक्षच राहिले नाही. त्याच्या दोन हजार प्रतीही खपल्या नाहीत. त्यांनी हाय खाल्ली नाही. १९५१ मध्ये आलेल्या त्यांच्या ‘द सी अराउंड अस’ या पुस्तकाने मात्र लोकांना वेड लावले. ते ८६ आठवडे सर्वाधिक खपाच्या यादीत होते. जगातील तीसहून अधिक भाषांत त्याची भाषांतरे झाली. आता पैशाची चिंता मिटली. १९५२ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि मेन राज्याच्या किनाऱ्यावर एक छोटे घर बांधले.

या घराखालीच खडकाळ किनारा होता. ओहोटीच्या वेळी रॅचेलबाई गार पाण्यात तासन्‌तास उभ्या राहत. एकदा तर थंडीने त्यांचे पाय इतके आखडले, की बरोबरच्या चित्रकाराने त्यांना उचलून बाहेर आणले. पाहण्यासाठी त्या लहान जीव बादलीतून घरी आणत आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत. पण काम झाले, की रात्री हातात विजेरी घेऊन पुन्हा खडकांवर उतरत आणि प्रत्येक जीव जेथून आणला तेथेच नेऊन सोडत. आईची शिकवण त्या विसरल्या नव्हत्या.

असे दिवस सुखात गेले असते. पण जग बदलत होते.

महायुद्धाच्या काळात डीडीटी नावाचे कीटकनाशक प्रसिद्धीला आले. त्याने उवा मरत, डास मरत. इटलीत नेपल्स शहरात टायफसची साथ त्यामुळे आटोक्यात आली. हा गुण शोधणाऱ्या पाउल म्यूलर या शास्त्रज्ञाला १९४८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशातही १९५३ पासून मलेरियाच्या डासांसाठी घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारण्यात आले आणि लाखो लोकांचे ताप थांबले. घरातील वडील माणसांना विचारा, त्या फवारणीचे पांढरे डाग कोणाकोणाला आठवत असतील.

युद्ध संपल्यावर कारखान्यांनी या औषधाला नवी गिऱ्हाइके शोधली. शेते, बागा, जंगले, दलदली, सगळीकडे ते ओतले जाऊ लागले. विमानांतून त्याचा पाऊस पडू लागला. डीडीटीच्या जोडीला क्लोर्डेन, टॉक्साफीन, डिल्ड्रिन अशी आणखी विषे आली. ती लवकर नष्ट होत नाहीत. पाण्यात विरघळत नाहीत, पण चरबीत साठतात. १९४५ मध्येच रॅचेलबाईंनी या विषयावर लेख लिहू का, असे एका मोठ्या मासिकाला विचारले होते. मासिकाने नकार दिला.

जानेवारी १९५८ मध्ये ओल्गा हकिन्स या मैत्रिणीचे पत्र त्यांच्याकडे आले. ओल्गाबाई मॅसेच्युसेट्सच्या किनाऱ्यावर डक्सबरी येथे राहत. त्यांनी घराभोवती पक्ष्यांसाठी जागा राखली होती. डास मारण्यासाठी तेथे विमानातून डीडीटी फवारले गेले आणि दारात, पाण्याच्या कुंडाजवळ पक्षी मरून पडले. यासाठी कोणाकडे दाद मागावी, असे त्यांनी विचारले होते. रॅचेलबाई चौकशी करू लागल्या. जितकी माहिती मिळे, तितकी त्यांची काळजी वाढे. हे दुसऱ्या कोणीतरी लिहावे, असे त्यांना आधी वाटत होते. आईला म्हातारपणाने घेरले होते. भाची वारली होती आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा रॅचेलबाईंनी दत्तक घेतला होता. पण दुसरे कोणी पुढे आले नाही. तेव्हा त्यांनीच कंबर कसली.

त्यांनी शेकडो शास्त्रज्ञांना पत्रे लिहिली. सरकारी अहवाल जमवले. पुस्तक कीटकनाशकांविषयी होते खरे, पण समुद्रावर प्रेम करणारी बाई ते लिहीत होती. म्हणून पाण्याचा माग काढत ती नदीच्या मुखापर्यंत गेली.

नदी समुद्राला मिळते तेथे गोडे पाणी आणि खारे पाणी एकत्र येते. कोकणात आपण त्याला खाडी म्हणतो. खाडीच्या कडेला भरतीच्या वेळी बुडणारी आणि ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची, गवताची जमीन असते. तिला खाजण म्हणतात. वरवर पाहता ही पडीक जागा वाटते. खरे तर ती समुद्राची पाळणाघरे आहेत. कितीतरी मासे, कोळंबी, खेकडे यांची पिल्ले येथे वाढतात आणि मोठी झाली की समुद्रात जातात. आणि दुर्दैव असे, की वरच्या मुलखातील प्रत्येक नाला, प्रत्येक गटार शेवटी येथेच येऊन पोहोचते.

फ्लोरिडा राज्यात सेंट लुसी नावाचा जिल्हा आहे. चावणाऱ्या बारीक माश्यांच्या अळ्या मारण्यासाठी १९५५ मध्ये तेथील सुमारे दोन हजार एकर खाजणात डिल्ड्रिन टाकले गेले. एकरी फक्त एक पौंड, म्हणजे अर्धा किलोही नाही. त्याने मासे मेले. थोडेथोडके नव्हेत, सुमारे ११ लाख ७५ हजार. त्यांच्या निदान तीस जाती होत्या. मरणाऱ्या माशांवर खेकडे तुटून पडले आणि दुसऱ्या दिवशी ते खेकडेही मेले. गोगलगायी मात्र वाचल्या आणि मेलेले मासे खात राहिल्या. दोन आठवड्यांनंतर तेथे एका माशाचाही मागमूस उरला नाही.

मुलांनो, ही शेवटची गोष्ट नीट लक्षात घ्या. त्या दिवसांत राज्याच्या आरोग्य खात्याचे शास्त्रज्ञ तेथे जाऊन मोजत होते, म्हणून हा आकडा आज आपल्याला माहीत आहे. ते महिनाभराने गेले असते तर त्यांना काय दिसले असते? शांत पाणी, गवत आणि काही गोगलगायी. काही घडलेच नाही, असे त्यांनी लिहिले असते. अमेरिकेच्या किनाऱ्यावर अशा किती जागा असतील, जेथे मोजायला कोणी गेलेच नाही?

याहून मोठा प्रकार टेक्सास राज्यात घडला. तेथे कोलोरॅडो नावाची नदी ऑस्टिन शहरातून वाहते आणि पुढे मेक्सिकोच्या आखाताकडे जाते. १५ जानेवारी १९६१ ला, रविवारी सकाळी उजाडताच, शहरातील तलावात मेलेले मासे तरंगताना दिसले. आदल्या दिवशी तेथे काहीच नव्हते. सोमवारी बातमी आली, की पन्नास मैल खाली मासे मरत आहेत. आठवडा संपेपर्यंत शंभर मैल. त्यानंतर आणखी आठवड्याने दोनशे मैल. जणू विषाची एक लाट नदीतून चालत चालली होती. नदीकाठी मैलामागे सुमारे एक हजार पौंड मेलेले मासे पडले होते. मिशा असलेल्या शिंगाळ्यासारख्या माशांपैकी एकाचे वजन तर ८४ पौंड होते. एवढा मोठा होण्यासाठी त्याला किती वर्षे लागली असतील!

नदीच्या पुढे मॅटागोर्डाचा उपसागर होता. मासे आणि कोळंबी वाढण्याची ती मोठी जागा. विष तेथे शिरू नये म्हणून किनाऱ्याजवळच्या कालव्याचे दरवाजे बंद करण्यात आले आणि नदीचे पाणी सरळ आखातात सोडण्यात आले. उपसागर वाचवण्यासाठी खुल्या समुद्रात विष सोडावे लागले. त्या घटकेला दुसरा मार्गही नव्हता.

हे विष आले कोठून? मासे आणि वन्य प्राणी सांभाळणाऱ्या खात्याचे अधिकारी ऑस्टिनला शोध घेत होते. त्यांच्याजवळ मोठी यंत्रे नव्हती. त्यांनी आपल्या नाकाचा उपयोग केला. तलावात पावसाळी पाण्याची गटारे उघडत होती. त्यांपैकी एका गटाराच्या तोंडाशी कीटकनाशकांचा उग्र वास येत होता. अधिकारी त्या गटाराच्या मागे मागे निघाले. वाटेत जेथे जेथे झाकण होते, तेथे तेथे ते वास घेत गेले. शेवटी ते पोहोचले एका रसायनांच्या कारखान्याच्या नळीपर्यंत.

कारखान्यात डीडीटी, क्लोर्डेन, टॉक्साफीन ही औषधे तयार होत होती. थोडी भुकटी अलीकडे गटारात धुतली गेल्याचे व्यवस्थापकाने मान्य केले. पण त्याहून मोठी गोष्टही त्याने सांगितली. सांडलेली भुकटी पाण्याने गटारात ढकलायची, ही तेथील दहा वर्षांची रीत होती. अधिकाऱ्यांनी आणखी शोध घेतला. दुसरे कारखानेही असेच करत होते.

मग दहा वर्षे काहीच का झाले नाही? विष गटारांतल्या वाळूत, खडीत, गाळात अडकून बसत होते. त्या जानेवारीत मासे मरण्याच्या काही दिवस आधी शहराची सारी पावसाळी गटारे साफ करण्यात आली होती. लाखो गॅलन पाणी जोराने सोडून गाळ धुऊन काढला गेला. गटारे स्वच्छ झाली. दहा वर्षांचे साठलेले विष एकाच वेळी नदीत उतरले. काम करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. गटारात काय आहे, हे कोणी तपासले नव्हते, इतकेच.

पाणी तपासले तरी सर्व काही कळते असेही नाही, हे रॅचेलबाईंनी दाखवून दिले. कॅलिफोर्नियात क्लिअर लेक नावाचे सरोवर आहे. त्यात १९४९, १९५४ आणि १९५७ मध्ये चिलटे मारण्यासाठी डीडीटीच्या जातीचेच एक औषध अगदी थोडे टाकले होते. पाण्याच्या पाच कोटी भागांत एक भाग, यापेक्षा ते जास्त नव्हते. पण पाण्यातील सूक्ष्म जीवांच्या अंगात ते दर दहा लाख भागांत पाच भाग इतके साठले. सूक्ष्म जीव लहान माशांनी खाल्ले, लहान मासे मोठ्या माशांनी खाल्ले, आणि त्यांना खाणाऱ्या पाणपक्ष्यांच्या चरबीत ते १,६०० भागांवर पोहोचले. पाणी पिण्यासारखे दिसत होते. त्यावर राहणारे पक्षी मात्र मरत होते. म्हणून पाण्याबरोबर पाण्यातल्या जीवांनाही तपासले पाहिजे. कालवे आणि शिंपले तर दिवसभर पाणी गाळूनच पोट भरतात. पाण्यात जे असेल ते त्यांच्या अंगात साठत जाते, आणि माणसे ते अख्खे खातात.

हे सर्व लिहीत असताना रॅचेलबाई स्वतः मरणाच्या वाटेवर होत्या. १९६० मध्ये त्यांच्या स्तनात गाठ सापडली. शस्त्रक्रिया झाली. तो कर्करोग आहे, हे डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितले नाही. आठ महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडून खरे कळले, तोवर रोग पसरला होता. पुढे डोळे सुजले आणि कित्येक आठवडे त्यांना वाचता येईना. मदतनीस बाई मजकूर वाचून दाखवत आणि त्या ऐकून दुरुस्त्या सांगत. गुडघे धरले, चालता येईना. तरी काम थांबले नाही. हे आजारपण त्यांनी लोकांपासून लपवून ठेवले. रसायनांमुळे आजारी पडली म्हणून ही बाई रसायनांवर सूड घेते, असे कारखानदार म्हणतील याची त्यांना भीती होती. पुस्तकातील पुरावा बाजूला राहील आणि चर्चा आपल्या दुखण्याची होईल, हे त्यांना नको होते. मला त्यांच्या आयुष्यातील हीच गोष्ट सर्वांत कठीण वाटते.

याच काळात समुद्राविषयीच्या आपल्या जुन्या पुस्तकाला त्यांनी १९६१ मध्ये नवी प्रस्तावना लिहिली. किरणोत्सर्गी कचरा पिंपांत भरून समुद्रात बुडवला जात होता. समुद्र अफाट आहे, त्यात काहीही टाकले तरी चालते, असे लोक समजत. रॅचेलबाईंनी दाखवले, की समुद्रात टाकलेली वस्तू एका जागी राहत नाही. प्रवाह तिला नेतात. रात्री वर येणारे आणि दिवसा खोल जाणारे सूक्ष्म जीवही तिला आपल्या अंगातून वाहून नेतात.

‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक २७ सप्टेंबर १९६२ रोजी प्रसिद्ध झाले. त्याआधी जूनमध्ये त्याचे काही भाग एका साप्ताहिकात आले होते आणि तेव्हापासूनच गदारोळ उठला होता. एका रसायन कंपनीने प्रकाशकाला कोर्टात खेचण्याचा इशारा दिला. प्रकाशक डगमगला नाही. मग कंपन्यांनी पुस्तकाविरुद्ध पैसा ओतला. या बाईजवळ डॉक्टरेट नाही, ही भावनेच्या भरात लिहिते, अशी टीका झाली. लग्न न केलेल्या बाईला पुढच्या पिढीची काळजी कशाला, इतके हलके बोलायलाही लोक कचरले नाहीत. पुस्तकाच्या शेवटी आधारांची यादीच ५५ पानांची होती. टीका करणाऱ्या बऱ्याच जणांनी ती उघडूनही पाहिली नसावी.

एक गैरसमज तेव्हाही होता आणि नंतरही राहिला. कीटकनाशके मुळीच वापरू नका, असे रॅचेलबाईंनी म्हटले नव्हते. रोग पसरवणाऱ्या डासांशी लढावे लागते, हे त्या जाणून होत्या. त्यांचा आक्षेप होता तो आंधळेपणाने विष ओतण्याला. डीडीटी सगळीकडे फवारत राहिलो तर डासांना त्याची सवय होईल आणि खरी गरज असेल तेव्हा औषध लागू पडणार नाही, हेही त्यांनी बजावले होते. पुढे अनेक देशांत तसेच घडले.

राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी आपल्या शास्त्रज्ञांच्या समितीला हा प्रश्न तपासायला सांगितला. ३ एप्रिल १९६३ रोजी दूरदर्शनवर या विषयावर मोठा कार्यक्रम झाला. त्याच्या पाच जाहिरातदारांपैकी तिघांनी आधीच अंग काढून घेतले होते. कार्यक्रमात कंपनीचा शास्त्रज्ञ मोठ्याने, तावातावाने बोलत होता. रॅचेलबाई शांतपणे बोलत होत्या. उपचारांनी केस गेले होते, म्हणून त्यांनी टोप घातला होता. पाहणाऱ्यांना ते कळले नाही. पुढच्याच महिन्यात समितीचा अहवाल आला आणि त्याने रॅचेलबाईंची बाजू उचलून धरली. ४ जूनला सिनेटच्या समितीपुढे त्यांची साक्ष झाली. विमानातून होणाऱ्या फवारणीवर बंधने हवीत, आणि आपल्या घरादारावर विष पडणार असेल तर ते आधी समजण्याचा हक्क नागरिकाला हवा, असे त्यांनी तेथे मांडले.

१४ एप्रिल १९६४ रोजी मेरिलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथील घरी त्यांचे निधन झाले. त्यांचे वय ५६ वर्षांचे होते. त्यांच्या अस्थींचा काही भाग मैत्रिणीने मेनच्या किनाऱ्यावर, त्यांच्या आवडत्या खडकांजवळ, समुद्रात सोडला.

१९६९ मध्ये मेन राज्यातील खाजणांच्या राखीव क्षेत्राला रॅचेल कार्सन यांचे नाव देण्यात आले. १९७० मध्ये अमेरिकेत पर्यावरणासाठी स्वतंत्र सरकारी संस्था स्थापन झाली. १९७२ मध्ये त्या संस्थेने डीडीटीच्या शेतीतील वापरावर बंदी घातली. त्याच वर्षी पाण्याचा नवा कायदा झाला. नदीत किंवा समुद्रात नळी सोडायची तर परवाना घ्यायचा, नळीतून काय जाते ते मोजायचे आणि सरकारला कळवायचे, असे बंधन कारखान्यांवर आले. शहरांच्या पावसाळी गटारांसाठी मात्र १९८७ पर्यंत थांबावे लागले. ऑस्टिनच्या गटारात विष सापडल्याला तेव्हा सव्वीस वर्षे झाली होती.

१९८६ साली अमेरिकेच्या किनाऱ्यांवर आणखी एक काम सुरू झाले. ठरलेल्या जागी जाऊन शिंपले आणि कालवे गोळा करायची, प्रयोगशाळेत न्यायची आणि त्यांच्या मांसात कोणती विषे किती आहेत ते पाहायचे. वर्षामागून वर्षे हे मोजमाप होत गेले. डीडीटीचे प्रमाण उतरत गेलेले त्यात दिसले. बंदीला कित्येक दशके झाल्यावरही ते अगदी शून्यावर मात्र आले नव्हते.